हातातली वीणा

(अखंड हरिनाम सप्ताहातील सहाव्या दिवसाची सेवा. ध्वनिमुद्रणावरून.)



काल कीर्तन संपलं, आरती झाली, मंडळी प्रसादाच्या पंगतीला निघाली. तेवढ्यात एक ताई पुढे आल्या. वय असेल तिशी-पस्तिशीचं. नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘महाराज, कंपनीत मला नुकतीच बढती मिळालीय. तीस माणसं माझ्या हाताखाली आलीत. घरी देवघर आहे, सकाळी हरिपाठ म्हणते. पण ऑफिसात पाय ठेवला की मी वेगळीच होते. आवाज चढतो, मन कोरडं होतं. तिथं देव कुठे ठेवायचा?’

मी म्हटलं, ‘ताई, उद्या सांगतो.’ रात्रभर हाच प्रश्न डोक्यात होता. म्हणून आजची सेवा त्या प्रश्नाला. आणि वाचणाऱ्या माउली, हा प्रश्न एकट्या त्या ताईचा नाही. तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक असाल, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम असाल, बचतगटाच्या अध्यक्ष असाल, दुकानात दोन पोरं कामाला ठेवली असतील. चार माणसं ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

पुष्कळांना वाटतं, कामाच्या ठिकाणी अध्यात्म आणायचं म्हणजे भिंतीवर फोटो लावायचा, उदबत्ती लावायची, वर्षातून एकदा सत्यनारायण घालायचा. लावा की. चांगलंच आहे. पण फोटोखाली बसून गरिबाची हजेरी कापली, तर त्या फोटोतल्या देवाला काय वाटत असेल?

आता सप्ताहातच बसलोत, तर सप्ताहातलंच उदाहरण घेऊ. समोर बघा, तो वीणा घेऊन उभा आहे. सात दिवस ही वीणा खाली टेकत नाही. दोन-तीन तासांनी पहारा बदलतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीवर नाही. आता ज्याच्या गळ्यात वीणा आहे, त्याला येणारा-जाणारा प्रत्येकजण पाया पडतो. म्हातारा असो, सावकार असो, सरपंच असो. आणि विणेकरी कोण असतो? कधी शेतमजूर, कधी शाळेतलं पोर. तासाभरापूर्वी हाच माणूस मागच्या बाजूला पाण्याचा हंडा वाहत होता, तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग आता पाया का पडता? तर गळ्यात वीणा आहे म्हणून.

शहाण्या विणेकऱ्याला हे पक्कं माहीत असतं, की नमस्कार वीणेला आहे. मी नुसता खुंटी आहे. पहारा संपला की तो पुढच्याच्या गळ्यात वीणा घालतो, आणि ज्याला दिली त्याच्याच पाया पडतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मग मंडळीत जाऊन बसतो, टाळ हातात घेतो. कसला हिशेब नाही, कसलं दुःख नाही.

माउली, पद असंच असतं. साहेबाची खुर्ची ही गळ्यात आलेली वीणा आहे. कोणीतरी आपल्याआधी धरली होती, कोणीतरी आपल्यानंतर धरणार आहे. आपला पहारा तेवढा आपला. लोक उठून उभे राहतात, ‘साहेब, साहेब’ म्हणतात, ते वीणेला म्हणतात. पण होतं काय, नमस्कार घेता घेता खुंटीलाच वाटायला लागतं की मी देव झालो. तिथून सगळा बिघाड सुरू होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझंच सांगतो.

कीर्तनाला उभा राहण्याआधी पुष्कळ वर्षं मी एका कारखान्यात होतो. पत्र्याचे सुटे भाग तयार व्हायचे. पॉवर प्रेसवर मी सुपरवायझर. गळ्यात माळ होती, एकादशी करत होतो, लोक ‘माळकरी साहेब’ म्हणायचे. ऐकायला गोड वाटायचं. एके दिवशी दुसऱ्या पाळीत एक पोरगा आला. म्हणाला, ‘साहेब, मशीनचा गार्ड ढिला झालाय, बसत नाही नीट. बंद करून दुरुस्त करून घेऊ का?’ मी घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवशीचे नग पूर्ण व्हायचे होते, सकाळी गाडी भरायची होती. म्हटलं, ‘पाळी संपेपर्यंत चालव. हात जपून घाल.’

अर्ध्या तासात किंकाळी आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेलं. रात्री उशिरा मी परत आलो. अपघाताच्या रजिस्टरात कारण लिहायचं होतं. पेन हातात घेतलं आणि मी लिहिलं, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ एक ओळ. लिहायला अर्धा मिनिट लागला नाही. कोणी सांगितलं नव्हतं मला असं लिहायला. मीच लिहिलं. आणि घरी जाऊन हातपाय धुऊन हरिपाठ म्हटला.

ही गोष्ट इथंच ठेवतो. पुढचं नंतर सांगतो. आधी देवगिरीवर जाऊ.

पैठणचे नाथमहाराज लहानपणी घर सोडून देवगिरीला गेले, जनार्दनस्वामींच्या पायाशी. आता स्वामी कोण? रानातल्या गुहेत बसलेले नव्हते. देवगिरीचे, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचे किल्लेदार! निजामशाहीतला एवढा मोठा किल्ला त्यांच्या ताब्यात. कोठारं, दारूगोळा, शिपाई, पगार, हिशेब, सगळं त्यांच्या माथ्यावर. आणि तोच माणूस दत्तात्रेयांचा परमभक्त. परंपरेत असं सांगतात, की गुरुवारी स्वामी राजकाज बाजूला ठेवून चिंतनात बसायचे आणि त्या दिवशी गडावर कामाला सुट्टी असायची. सरकार मुसलमानी, किल्लेदार दत्तभक्त, आणि सुट्टी गुरुवारची. का मिळाली असेल? उरलेले सहा दिवस ज्याचा कारभार चोख आहे, त्याचा सातवा दिवस मोडायला कोण जातो?

अशा गुरूकडे नाथ राहिले. स्वामींनी त्यांना काय काम दिलं? हिशेबाचं. आणि ती गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. एकदा ताळेबंदात एका पैचा फरक आला. रात्र झाली, सगळे झोपले, नाथ समईपुढे वह्या मांडून बसले. मध्यरात्र उलटली. अखेर चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. विचारलं, ‘काय झालं नाथा?’ ‘महाराज, पैची चूक सापडली.’ स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसारातली एवढी मोठी चूक सापडली तर केवढा होईल! हेच मन देवापाशी लाव.

आम्ही कीर्तनकार या गोष्टीचा शेवटचा भाग सांगतो. देवाकडे मन लावा, म्हणतो, आणि पुढे जातो. पण पहिला भाग बघा ना! स्वामींनी नाथांना ‘वह्या टाकून दे’ म्हटलं नाही. ‘हिशेब ही माया आहे’ म्हटलं नाही. ‘हेच मन’ म्हटलं. म्हणजे देवापाशी जे मन लावायचं ते वेगळं कुठून आणायचं नाही. एका पैसाठी जे मन रात्रभर जागलं, तेच मन. ज्याला वहीत खोटं चालतं, त्याचं मन देवाजवळही खोटंच बसणार. मन काही दोन नसतात, ऑफिसचं एक आणि देवळातलं एक.

इथं मला माझं रजिस्टर आठवतं. नाथांनी एका पैसाठी रात्र जागून काढली. मी एका माणसाची दोन बोटं अर्ध्या मिनिटात वहीतून पुसून टाकली.

पुढं काय झालं ते सांगतो. दीड-दोन महिन्यांनी मी त्या पोराच्या घरी गेलो. मनात काही चांगलं होतं म्हणून नव्हे, कंपनीची काही कागदपत्रं द्यायची होती. दारात त्याचे वडील बसले होते. माझ्या गळ्यातली माळ पाहून उठून उभे राहिले, ‘या माउली’ म्हणाले. चहा आला. आणि मग ते मलाच म्हणाले, ‘पोरगं लहानपणापासून धांदरट, साहेब. तुम्ही तरी किती लक्ष देणार? त्याच्या चुकीपायी तुम्हाला त्रास झाला, माफ करा.’ आतल्या खोलीत तो पोरगा बसला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं. तो सगळं ऐकत होता. एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

माउली, बोटं प्रेसनं नेली. पण त्याच्या बापाच्या डोळ्यातली त्याची किंमत मी नेली होती. त्या एका ओळीनं.

ती रात्र मला झोप नाही. हरिपाठाला बसलो तर ओठ हलतात, आत काही नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांपुढे गेलो आणि लिहून दिलं, की मशीनचा गार्ड ढिला असल्याचं कामगारानं सांगितलं होतं, मशीन चालू ठेवायला मी सांगितलं. पुढे चौकशी झाली, माझी बढती राहिली ती राहिलीच. ते असू द्या. पण त्या कागदाची प्रत घेऊन मी पुन्हा त्या घरी गेलो, वडिलांपुढे बसलो आणि वाचून दाखवली. म्हातारा खूप वेळ गप्प होता. मग मुलाला हाक मारली, जवळ बसवलं, आणि त्याचा तो हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्याशी काही बोलला नाही. बोलायचं कारणही नव्हतं. बोटं काही परत आली नाहीत, आणि मी मोठं पुण्य केलं असं कोणी समजू नये. जे पहिल्या दिवशी करायचं ते दोन महिने उशिरा केलं, एवढंच.

पण त्या दिवशी मला कळलं की कारखान्यात देव कुठे होता. तो त्या पोराच्या शब्दात आला होता, ‘साहेब, गार्ड ढिला झालाय.’ देव मशीनपाशी उभा राहून सांगत होता. मी घड्याळाकडे पाहिलं.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. ऑफिसात देव ठेवायला जागा शोधू नका. तो आधीच येऊन बसलाय. तुमच्या हाताखालचा माणूस घाबरत घाबरत जे सांगायला येतो, त्यात तो असतो. ऐकायला तेवढं थांबायचं.

‘हाताखाली’ हा शब्दही जरा बघा. माणसं हाताखाली आहेत म्हणतो आपण. कुंभाराचा घडाही हाताखालीच असतो. पण कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात आतून आधार देत असतो. आतला हात काढून घेतला आणि नुसतंच थापटलं, तर घडा फुटेल. तेरच्या गोरोबाकाकांना हे सांगावं लागलं नसतं. बाहेरचा हात शिस्तीचा, आतला हात मायेचा. दोन्ही हात लागतात.

आता कोणी म्हणेल, ‘महाराज, हे बोलायला ठीक आहे. एवढं मऊ वागलं तर लोक डोक्यावर बसतील. काम कोण करणार?’

तुम्ही वारीला गेलात ना? सांगा, वारीत बेशिस्त आहे का? लाखो माणसं चालतात. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. कोणी म्हणत नाही, आज मी पुढे जातो. ही शिस्त बसवली कुणी? हैबतबाबांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतराव, शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखीला हे रूप दिलं. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. लष्करात जी शिस्त शिकले, ती बाबांनी माउलींच्या पायाशी लावली. नाथांनी हिशेबाचं मन लावलं, बाबांनी सरदारकी लावली. आपला धंदा देवाकडे असा घेऊन जायचा असतो.

आणि मुक्कामाला काय होतं? तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ. मग चोपदार चोप वर करतात, आणि एका क्षणात सगळं शांत. हजारो माणसं, पण टाचणी पडली तर ऐकू येईल. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे चालत जातात. विचारतात, काय झालं? कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाला चालताना त्रास झाला, काय असेल ते ऐकून घेतात, सगळ्यांसमोर निवाडा होतो. मग ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, मगच आरती.

किती मोठी गोष्ट आहे बघा. ज्याच्या हातात चोप आहे, तो तक्रारदाराला ‘गप्प बस’ म्हणत नाही, स्वतः चालत त्याच्याकडे जातो. आणि एकाचा जरी टाळ वाजत असेल, तरी माउलींची आरती थांबते. देवाची आरती थांबते माउली! आणि आम्ही मीटिंगमध्ये एखाद्यानं हात वर केला तर म्हणतो, ‘हे नंतर बघू.’

ते हैबतबाबा शेवटी कुठे आहेत, ठाऊक आहे ना? आळंदीला महाद्वारात. पायरीपाशी. एवढी पालखी ज्यानं उभी केली, त्यानं देवाशेजारी सिंहासन मागितलं नाही. येणाऱ्याचा पाय लागावा म्हणून पायरी होऊन राहिला. पंढरीत नामदेवरायांनी तेच केलं. वारकऱ्यांचा पुढारी कुठे असतो विचाराल, तर पायरीवर असतो. आपल्यावर पाय ठेवून दुसरा वर जावा, यात त्याला आनंद.

पण खरी गोष्ट सांगायला हवी, याला किंमत पडते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बेदरच्या बादशहाचे अधिकारी, कोठार त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, माणसं दारात येऊन मरायला लागली. पंतांनी सरकारी कोठार उघडलं. आता शेवट तुम्हाला माहीत आहे, विठ्ठल निरोप्या होऊन बेदरला गेला, धान्याचं मोल भरलं, पावती घेतली. आपल्याला शेवट ठाऊक असतो म्हणून गोष्ट सोपी वाटते. पण कोठाराचं कुलूप काढलं त्या घडीला पंतांकडे पावती होती का? विठ्ठल येणार असा निरोप आला होता का? काही नाही. त्या घडीला समोर दिसत होती ती बादशहाची तलवार.

आणखी एक बघा. पंतांनी त्यातला एक दाणा घरी नेला नाही, की हिशेबात घालमेल केली नाही. बोलावणं आलं तेव्हा लपून बसले नाहीत. दुसऱ्याच्या मालावर उदार व्हायचं आणि विचारणा झाली की हाताखालच्यावर ढकलायचं, याला दया म्हणत नाहीत. ‘मी केलं’ म्हणायची तयारी असेल, त्यानंच कुलपाला हात लावावा. मोठेपण म्हणजे श्रेय घ्यायचा हक्क, असं आपण समजतो. दामाजीपंत सांगतात, दोष अंगावर घ्यायचा पहिला मान, ते मोठेपण.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितलं. मोठा माणूस जसा वागतो, त्याच्यामागे इतर वागतात. भगवान म्हणतात, मला मिळवायचं काही राहिलेलं नाही, तरी मी कर्म करतो, कारण मी बसलो तर लोक बसतील. याला लोकसंग्रह म्हणतात. तुम्ही सकाळी वेळेवर येता का, चुकीला चूक म्हणता का, झाडूवाल्या मावशींशी कसं बोलता, हे तीस माणसं रोज पाहतात. भिंतीवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही.

तेव्हा ताई, उद्यापासून काय करायचं ते सांगून ही सेवा पुरी करतो. फार नाही सांगत.

दारातून आत जाताना मनात म्हणायचं, पांडुरंगा, आजचा पहारा माझा आहे, वीणा तुझी आहे. दिवसातून एकदा तरी स्वतःच्या जागेवरून उठून हाताखालच्या माणसाच्या जागेवर जायचं, चोपदारासारखं, आणि विचारायचं, काही अडचण आहे का? विचारून लगेच निघायचं नाही. पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल. थोडं थांबायचं. रागवायची वेळ आली तर एकट्याला बोलावून रागवायचं, कौतुक चारचौघांत करायचं. चूक मोठी असेल तर शिक्षाही करायची, घाबरायचं नाही. आतला हात काढायचा नाही एवढंच. आणि संध्याकाळी हरिपाठाला बसण्याआधी नाथांची वही उघडायची. आज कुणाच्या नावावर माझी चूक लिहिली गेली का? गेली असेल तर आजच खोडायची. माझ्यासारखे दोन महिने घालवू नका. तेवढ्या वेळात एखाद्या बापाचं मन मुलावरून उठतं.

एक दिवस पहारा संपेल. बदली होईल, निवृत्ती होईल, नाहीतर वरून बोलावणं येईल. त्या दिवशी खुर्ची सोडताना जीव तुटला, तर समजायचं की आपण वीणा धरली नव्हती, कवटाळली होती. आणि हसत हसत पुढच्याच्या गळ्यात घालता आली, त्याच्या पाया पडता आलं, तर समजायचं की एवढी वर्षं नोकरी नाही झाली, सेवा झाली.

तो पोरगा आता पोरगा राहिला नाही. त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत. गेल्या आषाढीला वाखरीच्या तळावर भेटला. म्हणाला, ‘महाराज, माझ्याकडे कुणी मशीन बंद करू का विचारलं, तर मी आधी बंद करतो, मग कारण विचारतो.’ आणि तीन बोटांच्या हातानं त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी त्याच्या पाया पडलो. वारीत तसाच रिवाज आहे.

रामकृष्ण हरी.